नाताळ तोंडावर आलाय आणि मला प्रार्थनाच करता येत नाहीये

वडगावशेरीची_सून

सगळ्यांना सलाम. एरवी मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर यंदा पावसाळ्यात गेले. किडनीचं दुखणं होतं, डायलिसिस बराच काळ चालू होतं. आमच्या चर्चच्या मंडळीनं खूप प्रार्थना केली, उपास धरले, चेन प्रेयर म्हणजे पाळीपाळीनं अखंड प्रार्थना ठेवली, लोक ऑफिसवरून थेट आमच्याकडे येऊन गुडघे टेकायचे, त्यांचे उपकार मी कधीच विसरणार नाही. पण त्यातच बाहेरगावहून आलेल्या एका प्रचारकांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की प्रभूनं मला दाखवलंय, हा माणूस नाताळात चर्चमध्ये स्वतः उभा राहून, देवानं मला बरं केलं अशी साक्ष देणार. आम्ही सगळे ते शब्द धरून बसलो, सासूबाईंनी तर ते वहीत लिहून ठेवलं तारखेसकट. आणि माती दिल्यावर आठवडासुद्धा झाला नसेल, दोघी-तिघी घरी येऊन म्हणाल्या की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल गं, घरात काही लपलेलं पाप आहे का ते एकदा तपासून बघा.

मी रविवारी चर्चमध्ये भक्तीला जाते, मुलासाठी आणि सासूबाईंसाठी. गाणी सुरू झाली की घसा बंद होतो. शास्त्र म्हणजे बायबल उघडते, अक्षरं दिसतात पण आत काही जात नाही. देवावर राग आहे असंही नाही, राग असता तर निदान कुणाशी तरी भांडतेय असं वाटलं असतं, इथे समोर कुणी नाहीच असं वाटतं आणि त्याची फार भीती वाटते. लहानपणापासून ज्याच्याशी बोलत आले तोच गप्प झालाय.

आता नाताळ आलाय. महिला मंडळात फराळाचं चाललंय, तरुण संघाचा मुलगा विचारून गेला की कॅरल्सच्या यादीत तुमचं घर ठेवायचं का, मी त्याला कळवते म्हटलं. मुलगा चौथीत आहे, त्याला दाराला स्टार लावायचाय, सासूबाई म्हणतात यंदा नको, लोक काय म्हणतील.

ज्यांनी असा काळ काढलाय त्यांना विचारायचंय, तुम्हाला विश्वासातून खरंच आधार मिळाला का आणि मिळाला तर तो नक्की कसा मिळाला? फक्त "देवाची योजना असते" हे वाक्य प्लीज नको, ते आता सहन होत नाही.

---

पिंपरीच्या_काकू

बाळा, तुझं दोनदा वाचलं. आमचे हे गेले तेव्हा माझी मुलं लहान होती, ते इथे पिंपरीला कंपनीत होते, कामावरून आले आणि जेवायला बसायच्या आधीच सगळं संपलं. त्यामुळे तू जे लिहिलंयस ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आधी त्या बायकांचं. त्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही कारण ते मनावर येतंच, मीही ऐकलंय. पण एक लक्षात ठेव, मार्कच्या दुसऱ्या अध्यायात तो पक्षाघाती माणूस आहे ना, चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलेला, तिथे काय लिहिलंय बघ, येशूनं *त्यांचा* विश्वास पाहिला. जो खाटेवर पडलाय त्याच्याकडे किती विश्वास आहे हे कुणी विचारलंच नाही. तू आत्ता खाटेवर आहेस. रविवारी घसा बंद होतो ना, होऊ दे, बाकी शंभर माणसं गातायत तेवढ्यापुरतं त्यांना तुझं गाऊ दे, मंडळी त्यासाठीच असते. मी कितीतरी महिने शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून नुसती बसायचे, आशीर्वाद झाला की कुणी बोलायच्या आत निघायचे. आमच्या पाळकसाहेबांच्या मिसेसना ते कळलं होतं, त्या काही न बोलता माझ्या शेजारी येऊन बसायच्या. मला आधार कसा मिळाला म्हणून विचारशील तर हा असा मिळाला, एका बाईच्या रूपानं. आकाशातून काही आवाज आला नाही.

दुसरं, नाताळचं. लूकच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना आहे. लग्नानंतर सात वर्षांत विधवा झालेली, पुढे चौऱ्याऐंशी वर्षांची होईपर्यंत मंदिरात उपास आणि प्रार्थना करत राहिलेली. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन आले तेव्हा एवढ्या गर्दीत त्याला ओळखणारी दोनच माणसं, म्हातारा शिमोन आणि ही हन्ना. संडे स्कूलच्या नाटकात मुलं मेंढपाळ होतात, मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक होतात, देवदूत तर डझनभर असतात, पण हन्ना कुणीच होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं नाताळ म्हणजे नुसती हसरी माणसं. तसं नाहीये गं. त्या गोष्टीत विधवेला जागा आहे, आणि ती मागच्या बाजूला नाही. आणि त्याच वेळी शिमोन मरियेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल, चाळीस दिवसांच्या बाळाच्या आईला! लूकनं तेही गाळलेलं नाही.

स्टार लाव. पोराला लावायचाय ना, मग लाव, सासूबाईंना माझं नाव सांग हवं तर. तो स्टार आपण आनंदात आहोत हे गल्लीला दाखवायला नसतो, प्रभू आला म्हणून असतो, आणि तो दुःखाच्या घरीही आला. फराळ करू नकोस. तुमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीला स्पष्ट सांग की यंदा माझ्याकडे करंज्या होणार नाहीत, बघ चार घरून डबे येतील. आणि कॅरल्सच्या पोरांना सांग की या, पण ढोलकी-गिटार नको, एकच गाणं म्हणा, प्रार्थना करा आणि जा. ऐकतात पोरं. नाही सोसलं तर त्या दिवशी सकाळीच नाही म्हणून कळवून टाक, त्यात पाप नाही.

---

बिबवेवाडी_विद्यार्थी

ताई, मी सेमिनरीत, म्हणजे पाळक (पास्टर) होण्याच्या कॉलेजात शिकतोय, अजून पाळक झालेलो नाही, त्यामुळे अनुभवाचं काकूंनी लिहिलंय तेच खरं. मी शास्त्रातलं थोडं सांगतो कारण तुम्हाला ज्यांनी "विश्वास कमी पडला" म्हटलं त्यांनी शास्त्राच्या नावावर म्हटलंय आणि शास्त्र तसं म्हणत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

प्रेषित पौलाच्या हातून किती लोक बरे झाले ते बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी सहज लिहून जातो की सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. बस्स, एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी होता असं नाही, पौलाची प्रार्थना कमी पडली असं नाही, काही स्पष्टीकरणच नाही. तीमथ्याच्या पोटाचं दुखणं होतं तर त्याला सांगतो थोडा द्राक्षारस घेत जा, म्हणजे त्या काळचं औषधच. आणि स्वतः पौलाच्या शरीरात तो काटा होता, तीनदा विनंती केली, निघाला नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा येशूनं स्वतः विचारलं की ते यरुशलेमातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. सगळं गमावून दुःखात बसलेल्या ईयोबाचे मित्र पुस्तकभर तेच म्हणतात जे तुमच्या घरी येऊन म्हटलं गेलं, काहीतरी पाप असणार, आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर भडकतो. त्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती, सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत.

आता प्रार्थनेचं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. आपण रविवारी स्तुतीचीच निवडतो म्हणून ती कानावर पडत नाहीत. १३ वं काढा, सहाच ओव्या आहेत, सुरुवातच "किती वेळ?" अशी, चार वेळा विचारलंय. आणि ८८ वं काढा. बाकीच्या विलापस्तोत्रांत शेवटाकडे कुठेतरी वळण येतं, "तरी मी त्याची स्तुती करीन" वगैरे, ह्या एकात ते येत नाही, ते अंधारातच संपतं. तू माझे मित्र माझ्यापासून दूर केलेस, माझ्यापासून तोंड का लपवतोस, आणि संपलं. देवाला असं थेट बोलणारा माणूस पवित्र शास्त्रात आहे आणि त्याचं बोलणं कुणी दुरुस्त करून शेवट गोड केलेला नाही. समोर कुणी नाही असं तुम्हाला वाटतंय ना, ते ह्या माणसानं प्रार्थनेत म्हटलंय. म्हणजे तुम्ही जे लिहिलंयत ते देवाला उद्देशून मोठ्यानं वाचलंत तर तीच प्रार्थना झाली. शब्द सुचत नसतील तर त्याचे शब्द वापरा, रोज एकच, वाटो न वाटो. प्रभूनंही वधस्तंभावर स्वतःचे नवे शब्द शोधले नाहीत, २२ व्या स्तोत्राचे घेतले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" गुड फ्रायडेला बारा ते तीन आपण सात उद्गार ऐकतो त्यातला हा चौथा. दर वर्षी ऐकतो पण त्याचा अर्थ असा की देव गप्प झाल्याचा अनुभव खुद्द येशूला आहे.

काकूंच्या हन्नेला मी अजून एक जोडतो. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांपर्यंतची मुलगे मारतो, तिथे मत्तय यिर्मयाचं वचन आणतो, राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय आणि सांत्वन करून घेत नाही. सांत्वन करून *घेत नाही*. हे नाताळच्या गोष्टीतच लिहिलंय. कुणी तिला म्हणत नाही की राहेल, आता पुरे.

---

स्तुती_आणि_उपकार

भगिनी, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण वरचं वाचून थोडं वेगळं सांगावंसं वाटतं. १ थेस्सलनीका ५ मध्ये स्पष्ट आहे, सर्वदा आनंदित असा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी गेली, घराचे हप्ते थकले, त्या काळात मी रोज पहाटे उठून जबरदस्तीनं का होईना स्तुती करायचो आणि त्यानंच मला उचललं. विलापात फार दिवस राहिलं की सैतान तिथेच घर करतो. माझं एवढंच म्हणणं आहे की भावना येण्याची वाट बघू नका, आधी तोंडानं स्तुती करा, मन मागून येतं. प्रेमानं सांगतोय.

---

बिबवेवाडी_विद्यार्थी

दादा, तुम्हाला त्यातून आधार मिळाला हे मी नाकारत नाही, आणि भावनेची वाट न बघता तोंड उघडा हे तर मीही म्हणतोय, फक्त तोंडातून स्तुतीच निघाली पाहिजे असं नाही. तुम्ही जे पत्र सांगितलंत त्याच्याच चौथ्या अध्यायात पौल मेलेल्यांविषयी लिहितो, तिथे तो खेद करू नका असं म्हणत नाही, ज्यांना आशा नाही अशांसारखा करू नका म्हणतो. आणि फिलिप्पैकरांस पत्रात, ज्यात "सर्वदा आनंद करा" आहे, त्याच पत्रात एपफ्रदीत मरता मरता वाचला तेव्हा पौल लिहितो की देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आनंदाचं एवढं मोठं पत्र लिहिणाऱ्या माणसाला मित्र गेला असता तर दुःख झालं असतं आणि ते त्यानं लपवलं नाही. नोकरी जाणं आणि नवरा जाणं यात फरक आहे, तेवढा तरी ताईंना देऊ या.

---

कॅम्पातली_सिस्टर

मी कॅथलिक आहे आणि पेशानं नर्स, नन नाही, नावावरून गोंधळ नको. बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्यात आणि डायलिसिसच्या घरातल्या बायका जवळून बघितल्यात. ताई, एक सरळ विचारते, झोप किती लागते? जेवता का? डायलिसिसचं घर म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वाऱ्या, पाणी मोजून द्यायचं, पोटॅशियम म्हणून भाज्या उकळून पाणी फेकायचं, फोन वाजला की छाती धडधडायची, हे सगळं शरीर साठवून ठेवतं आणि माणूस गेल्यावर ते एकदम खाली बसतं. अशा वेळी आत काहीच पोचत नाही ते फक्त प्रार्थनेतच होतं असं नाही, जेवणाची चवही जाते, मूल काय बोलतंय तेही अर्धवट ऐकू येतं.

१ राजे १९ वाचा. एलीया, एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवलेला, त्यानंतर लवकरच जीव वाचवायला पळून रानात जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. आणि देव काय करतो? उपदेश नाही, दरडावणी नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई, खा. परत झोपतो. परत उठवतो, खा, तुला लांब चालायचंय. बोलणं पुढे बऱ्याच दिवसांनी होरेब डोंगरावर होतं, आणि तेही मंद वाणीनं. मला हा अध्याय फार जवळचा आहे कारण आम्ही वॉर्डात हेच करतो.

म्हणून माझं म्हणणं, डॉक्टरला दाखवा. फॅमिली डॉक्टरपासून सुरू करा, झोप, वजन, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघतील आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, खर्चाचं टेन्शन असेल तर तिथे जाता येईल. आणि जगणंच नको असं कधी मनात आलं, एकदासुद्धा, तर थांबू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. गोळी घेतली तर विश्वास कमी असं कुणी म्हटलं तर त्यांना विचारा बीपीची गोळी घेता का.

आणि देव गप्प आहे त्याबद्दल. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या, त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये छापून आली, तेव्हा जगाला कळलं की कोलकात्यातलं काम सुरू झाल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत त्यांना प्रार्थनेत बहुतेक काळ काहीच जाणवत नव्हतं, नुसता अंधार. रोज पहाटे चॅपेलमध्ये बसायच्या, दिवसभर मरणाऱ्यांना धुवायच्या, पुसायच्या, आणि आत हे. काही जणांना तेव्हा धक्का बसला, मला उलट धीर आला. जाणवणं ही वेगळी गोष्ट आणि धरून राहणं वेगळी. तुम्ही रविवारी जाताय ना मुलाचा हात धरून, तेच धरून राहणं आहे. एखाद्या दिवशी दुपारी गर्दी नसताना कुठल्याही चर्चमध्ये जाऊन मागे नुसतं बसा. गाणं नाही, कुणी विचारणारं नाही. मी ड्यूटीनंतर तेच करते, कधी कधी तिथेच डुलकी लागते.

---

दौंड_लोकल

मी केडगावच्या बाजूचा, आता हडपसरला असतो. पंडिता रमाबाईंचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे त्यांचं नाव समाजसुधारक म्हणून शाळेत येतं, त्यांनी काय काय सोसलं ते पटकन निघून जातं. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या सुमारास आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, मग लग्न झालं तर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला, पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही. ती एवढीशी पोर घेऊन त्या पुण्यात आल्या. ख्रिस्ताचा स्वीकार केला १८८३ मध्ये इंग्लंडला, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा शोधून शोधून इथे आणल्या. आणि एवढं सगळं झाल्यावर १९२१ मध्ये मनोरमाही गेली, जिच्या हातात काम सोपवायचं होतं तीच. रमाबाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या आणि कानानं अधू झालेल्या. त्या काळात त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, ते त्यांनी सोडलं नाही, १९२२ च्या एप्रिलमध्ये जाईपर्यंत तेच चालू होतं.

मी हे "बघा त्यांनी केलं, तुम्हीही करा" म्हणून अजिबात सांगत नाहीये. २ करिंथ १ मध्ये आहे की आपल्याला मिळालेल्या सांत्वनानं आपण दुसऱ्यांचं सांत्वन करावं, पण त्यात आधी मिळणं आहे, तुम्हाला अजून ते मिळायचंय, घाई नाही. फक्त एवढंच की आपण ज्या मंडळीत बसतो तिची मराठी मुळं अशा बायकांनी धरलीत ज्यांचं घर रिकामं झालेलं होतं. लक्ष्मीबाई टिळक बघा, त्यांचे यजमान कवी रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य अर्धवट राहिलं होतं, ते मागाहून बाईंनी पूर्ण केलं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ज्या बाईनं पाच वर्षं वेगळं राहून अश्रू ढाळले तिनं. पुण्याहून दौंडच्या लोकलनं केडगाव फार लांब नाही, सुट्टीत मुलाला घेऊन या, गाव मोकळं आहे, त्यालाही बरं वाटेल.

---

वडगावशेरीची_सून

सगळं वाचलं, रात्री सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या राहेलच्या जागी थांबल्या आणि परत वाच म्हणाल्या. मुलगा त्यांचाच ना शेवटी, माझ्या दुःखात मी ते विसरूनच गेले होते की त्या आई आहेत. सिस्टर, झोप तीन-चार तास, तुमचं ऐकून उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जगणं नको असं नाही, मुलगा आहे, पण थकलेय खूप. ८८ वं स्तोत्र काल मोठ्यानं वाचलं. बरं वाटलं असं नाही म्हणता येणार, पण खोटं बोलतेय असं वाटलं नाही, आणि देवासमोर असं वाटून खूप दिवस झाले होते.

अजून एक अडतंय. मुलगा परवा म्हणाला, मम्मी, मी बाबांसाठी लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) चॉकलेट सोडलं होतं, रोज प्रार्थना केली, देवानं ऐकलं नाही, मग आता मी का करू? मला काहीच बोलता आलं नाही, मी पोळ्या लाटत राहिले. त्याला काय सांगू?

---

संडेस्कूल_टीचर_येरवडा

मी त्याच्याएवढी असताना माझे वडील गेले आणि आता बरीच वर्षं ह्याच वयाची मुलं शिकवतेय, म्हणून लिहिते.

आधी काय सांगू नका ते. "देवाला बाबा आवडले म्हणून घेऊन गेला" हे सांगू नका. मला सांगितलं होतं. मी रात्र रात्र जागी राहायचे की आता देवाला मम्मी आवडली तर? "बाबा झोपलेत" हेही नको, मुलं मग झोपायला घाबरतात. आणि त्याच्या बोलण्यात चॉकलेट आहे तिकडे लक्ष द्या. त्याला बहुतेक आत कुठेतरी वाटतंय की आपण नीट सोडलं नाही, एखाद्या दिवशी खाल्लं असेल, म्हणून बाबा गेले. ज्या बायका तुमच्या घरी येऊन बोलल्या त्यांचं त्यानं ऐकलं असण्याचीही शक्यता आहे, मुलं आतल्या खोलीतून सगळं ऐकतात. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, बाबांच्या किडन्या खराब झाल्या होत्या, डॉक्टरांनी केलं ते केलं, शरीर थकलं. तुझ्या प्रार्थनेत काही चूक नव्हती. चॉकलेटमुळे कुणी जगत नाही आणि चॉकलेटमुळे कुणी मरत नाही. हे एकदा सांगून भागणार नाही, तो परत विचारेल, परत सांगा.

मग योहान ११ वाचून दाखवा, पण हळू वाचा, शेवटाकडे पळू नका. आपण मेलेला लाजर उठला इथे धावत जातो. त्याआधी त्याची बहीण मार्था येऊन काय म्हणते, प्रभुजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं दुसरी बहीण मरिया येते, तीही तेच वाक्य. म्हणजे त्या दोघी घरात तेच बोलत बसल्या असणार. तुमचा मुलगा जे म्हणतोय ते हेच आहे, तू कुठे होतास. येशू त्यांना रागावतो का? नाही. तिला रडताना बघून व्याकूळ होतो, थडगं कुठे आहे विचारतो आणि मग रडतो. त्याला पुढे काय होणार ते माहीत असून रडतो! मुलांना हे फार पटतं, मी वर्गात बघितलंय, ती एकदम गप्प होऊन ऐकतात.

आणि तो म्हणाला देवानं ऐकलं नाही, तर त्याला गेथशेमाने बागेतली, येशूच्या अटकेआधीच्या रात्रीची गोष्ट सांगा. येशूनं स्वतः बापाजवळ मागितलं की हा प्याला टळून जाऊ दे, एकदा नाही, तीनदा, आणि तो टळला नाही. चौथीतल्या मुलाला हे कळतं की येशूलाही "नाही" मिळालं होतं, आणि ते तो वाईट मुलगा होता म्हणून नाही. पुनरुत्थान सांगाच, ते आपण लपवायचं नाही, बाबा प्रभूजवळ आहेत आणि एक दिवस उठतील हीच आपली आशा आहे. फक्त ते रडणं थांबवायला वापरू नका. प्रकटीकरण २१ मध्ये देव डोळ्यांतला प्रत्येक अश्रू पुसून टाकील असं वचन आहे, म्हणजे तोपर्यंत अश्रू असणार हे देवालाही मान्य आहे.

मग का करू हा त्याचा प्रश्न. त्याला जबरदस्तीनं हात जोडायला लावू नका. म्हणा, ठीक आहे, तुला जेव्हा करावीशी वाटेल तेव्हा कर, तोपर्यंत मी आणि आजी तुझ्यासाठी करतो, आणि तुला देवाला हाच प्रश्न विचारायचा असेल तर विचार, तो रागावणार नाही. तुम्हाला स्वतःला जमत नसेल त्या रात्री आजी करेल, तिघांपैकी एकानं केली तरी चालतं. माझ्या बाबतीत आत्यानं दोन वर्षं हे केलं, मी नुसती शेजारी पाय हलवत बसायचे. एक दिवस मीच मधे बोलले, काय बोलले ते आठवत नाही.

शाळेतल्या क्लास टीचरना सांगून ठेवा, डिसेंबरमध्ये शाळेत "माय फॅमिली" वगैरे प्रोजेक्ट्स असतात, ग्रीटिंग कार्डं करायला लावतात, त्यांना आधी माहीत असलेलं बरं. आणि संडे स्कूलच्या टीचरनाही सांगा की नाटकात त्याला घ्यायच्या आधी त्याला विचारा, गृहीत धरू नका. त्यानं अजून काही विचारलं तर इथे लिहा, मी रोज रात्री दहानंतर बघते.